विश्लेषण : खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीत मासे एकमेकांच्या जिवावर का उठतात? त्यांना एकत्र कसे नांदवावे?

कामोठ्यातील एखाद्या सदनिकेचा दिवाणखाना डोळ्यांसमोर आणा. भिंतीलगत तीन फूट लांबीची काचेची टाकी, वर निळसर दिवा, आत खारे पाणी. ‘आधी हे सोडा, हे काटक असतात’ असे दुकानदाराने सांगितले म्हणून काळ्या रंगाचे, पांढऱ्या ठिपक्यांचे दोन छोटे मासे आणले. पंधरवड्यात त्यातला एकच उरला. महिन्याभराने मुलांच्या हट्टाखातर ‘निमो’ आला, पाठोपाठ ‘डोरी’. दोन दिवसांत निमोची शेपटी फाटलेली आणि डोरी पंपाच्या मागे दडलेला. आठवड्याअखेर टाकीत पुन्हा तो एकटा काळा मासा. पाणी तपासले तर ठणठणीत. मग चूक कुठे झाली? हे घर काल्पनिक आहे. पण खाऱ्या पाण्याची टाकी लावणाऱ्या अनेकांची पहिल्या वर्षाची हकिकत थोड्याफार फरकाने अशीच असते. माशाचा स्वभाव वाईट नसतो. त्याची हद्द आणि आपली टाकी यांचा हिशेब जुळलेला नसतो. हा हिशेब नेमका काय आहे?

माशाची ‘हद्द’ म्हणजे काय?

प्रवाळ खडकांवर जागा मोजकी आणि राहणारे भरपूर, अशी स्थिती असते. लपायला एक बीळ, चरायला शेवाळाचा एक तुकडा, अंडी चिकटवायला एक सपाट दगड, एवढी मिळकत ज्याच्याकडे असते तो मासा जगतो. म्हणून अनेक जाती ठरावीक जागा धरून बसतात आणि तिथे शिरणाऱ्याला हुसकावतात. डॅमसेल कुळातील कित्येक मासे तर शेतकरीच म्हणावेत असे. ते खडकावरचा शेवाळाचा पट्टा राखतात, नको असलेले शेवाळ उपटून टाकतात आणि चरायला आलेल्या आपल्याहून कितीतरी मोठ्या माशांवरही धावून जातात. पाणबुडे हात जवळ नेतात तेव्हा बोटाला चावायलाही ते मागेपुढे पाहत नाहीत.

ही हद्द किती मोठी असते? जातीनुसार आणि माशाच्या आकारानुसार ती बदलते. लहान डॅमसेलच्या बाबतीत ती एखाद्या चौरस मीटरच्या आसपास किंवा त्याहून थोडी कमी-जास्त असू शकते. समुद्रात हे भांडण सहसा रक्तपातापर्यंत जात नाही. मालक पंख फुलवतो, अंगावर धाव घेतो, परका पळ काढतो. दोन मीटर लांब गेला की मालकाचा राग संपतो, कारण प्रश्न त्या माशाचा नसतो, जागेचा असतो. शेजारच्या हद्दीतला रोजचा मासा तर फारसा खटकतही नाही. तो कुठवर येणार हे ठाऊक झालेले असते. प्राणीवर्तनाच्या अभ्यासात याला ‘ओळखीचा शत्रू’ अशा अर्थाचे नाव आहे. अनोळखी पाहुण्यावर मात्र पूर्ण जोर लावला जातो.

मग घरातील टाकीत भांडण विकोपाला का जाते?

कारण टाकीत पळून जायला जागाच नसते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ भरले तर साधारण १९० लिटर पाणी मावते. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्ष पाणी दीडशे लिटरच्या आसपास. तिचा तळ साडेचार चौरस फुटांचा, म्हणजे अर्ध्या चौरस मीटरहूनही कमी. याचा अर्थ असा की, आपल्याला जी आख्खी टाकी वाटते ती त्या काळ्या डॅमसेलच्या लेखी त्याची एकट्याची हद्दही पुरती भरत नाही. नंतर येणारा प्रत्येक मासा त्याच्या घरात घुसखोरी करणारा ठरतो.

समुद्रात पळणारा मासा हद्दीबाहेर गेला की पाठलाग थांबतो. टाकीत तो पळतो, काचेला आपटतो आणि वळून पुन्हा मालकासमोरच येतो. मालकाच्या दृष्टीने घुसखोर इशारा देऊनही हटत नाही. म्हणून पुढचा हल्ला, मग त्यापुढचा. समुद्रात काही सेकंदांत मिटणारी कुरबूर इथे दिवसभर चालते. दुबळ्या माशाला खाण्यासाठी पुढे येता येत नाही, रात्री झोपायला बीळ मिळत नाही. मरण अनेकदा जखमेने येत नाही. उपासमार आणि दमछाक यांनी येते.

गोड्या पाण्यात आफ्रिकन सिचलिड पाळणारे काही जण टाकीत मुद्दाम दाटी करतात, म्हणजे मालकाचा राग एकाच माशावर न निघता सर्वांत वाटला जातो. ही युक्ती खाऱ्या पाण्यात चालवू नये. त्याच तापमानाला खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांश प्राणवायू कमी विरघळतो. दाटी वाढली की भांडण मिटण्याआधी पाणीच बिघडते.

टाकीत सोडलेला पहिला मासा इतका महत्त्वाचा का?

जो आधी आला तो मालक, हा नियम माशांत फार पक्का आहे. समान ताकदीच्या दोन माशांत आधीपासून राहणारा बहुधा जिंकतो. कित्येकदा स्वतःहून थोड्या मोठ्या पाहुण्यालाही तो नमवतो. आपल्या उदाहरणातला काळा मासा म्हणजे डॉमिनो डॅमसेल. दुकानात तो दोन-तीन सेंटिमीटरचा, गोंडस आणि स्वस्त असतो. वाढल्यावर तो दहा सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि स्वभावाने चांगलाच तापट होतो.

त्याला आधी सोडण्यामागे एक जुनी पद्धत आहे. नव्या टाकीत माशांच्या मलमूत्रातून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात अमोनिया आणि त्यापासून बनणारे नायट्राइट विषारी पातळीला जाऊ शकतात. ते सोसून जगेल असा काटक मासा म्हणून डॅमसेल टाकला जाई. या पद्धतीत दोन चुका आहेत. एक, त्या माशाचे विनाकारण हाल होतात. दोन, टाकी तयार होईपर्यंत सर्वांत भांडखोर मासा तिचा मालक झालेला असतो. हल्ली बाटलीतील जिवाणू आणि मोजून घातलेला अमोनिया वापरून एकही मासा न सोडता टाकी तयार करता येते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची खात्री चाचणी संचाने करावी, मगच पहिला मासा आणावा. त्या दीड महिन्यात टाकी रिकामी दिसते, घरचे विचारतात. पण पुढची निम्मी भांडणे याच संयमाने टळतात.

कोणाचे कोणाशी जमत नाही?

याचे सोपे सूत्र असे : जो माझ्यासारखा दिसतो, माझ्यासारखा खातो आणि माझ्यासारख्या बिळात झोपतो, तो माझा पहिला शत्रू. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कॉनराड लॉरेन्झ यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आक्रमकतेवरील पुस्तकाची सुरुवातच प्रवाळांवरील माशांपासून केली होती. हे भडक रंगाचे मासे परक्या जातींपेक्षा स्वजातीयांवर अधिक तुटून पडतात, असे त्यांनी नोंदवले. भडक रंग म्हणजे स्वजातीयांसाठी लावलेली ‘ही जागा माझी’ अशी पाटीच, हे त्यांचे म्हणणे. लॉरेन्झ यांना १९७३ मध्ये कार्ल फॉन फ्रिश आणि निको टिनबर्गन यांच्यासमवेत नोबेल पुरस्कार मिळाला. रंगांबाबतचे त्यांचे म्हणणे सर्व जातींना लागू पडत नाही, हे पुढील अभ्यासांतून दिसले. पण स्वजातीयांशी वैर अधिक, हे निरीक्षण टाकीपुढे बसणाऱ्या कोणालाही पटेल.

यावरून काही पथ्ये निघतात. बटू एंजल जातीचा एका टाकीत एकच मासा ठेवावा. डॉटीबॅकही एकच. दोन नर मँडरिन एकत्र ठेवू नयेत. टँग किंवा सर्जनफिश या माशांच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना वस्तऱ्यासारखा धारदार काटा असतो. सारख्या आकाराचे दोन टँग लहान टाकीत आले तर शेपटीच्या एका फटक्याने अंग चिरले जाते. हिरवट क्रोमिस हा थव्याने राहणारा शांत मासा म्हणून विकला जातो. लहान टाकीत मात्र त्यांच्यातही उतरंड लागते, सर्वांत खालचा मासा दर वेळी मार खातो आणि सहाचे पाच, पाचांचे चार होत शेवटी एक-दोनच उरल्याचे अनुभव पुष्कळ आहेत. लायनफिशचा प्रश्न निराळा. तो हद्दीसाठी भांडत नाही, तोंडात मावणारा शेजारी सरळ गिळतो. ट्रिगरफिश तर मासे, झिंगे, शंख असे काहीच सोडत नाही.

क्लाउनफिशचे गणित वेगळे कसे?

‘फाइंडिंग निमो’ या २००३ च्या चित्रपटामुळे घराघरांत पोहोचलेला क्लाउनफिश हाही डॅमसेलच्याच कुळातला. पण त्याची कुटुंबव्यवस्था विलक्षण आहे. सर्व क्लाउनफिश आधी नर म्हणून वाढतात. एका समुद्रफुलाच्या आश्रयाला राहणाऱ्या गटात सर्वांत मोठी ती मादी, दुसऱ्या क्रमांकाचा तिचा जोडीदार नर, आणि बाकीचे लहान, प्रजनन न करणारे. मादी मेली तर तिचा जोडीदारच मादी बनतो आणि रांगेतला पुढचा त्याची जागा घेतो. रांगेतले लहान मासे आपली वाढही आवरून धरतात, कारण वरच्याच्या बरोबरीला पोहोचले की गटातून हाकलले जाण्याचा धोका असतो.

टाकीसाठी याचा थेट उपयोग आहे. सारख्या आकाराचे दोन मोठे क्लाउनफिश आणले तर दोन्ही माद्या असण्याची शक्यता असते. अशा दोघी एकमेकींना जगू देत नाहीत. त्याऐवजी एक मोठा आणि एक स्पष्टपणे लहान, किंवा दोन्ही अगदी पिल्ले, अशी जोडी एकाच वेळी सोडावी. लहान मासा मोठ्यासमोर अंग थरथरवून शरणागती दाखवतो. हे दिसले की जोडी जमली असे समजावे. ते थरथरणे आजार नव्हे. तीन किंवा चार क्लाउनफिश मात्र घरगुती टाकीत ठेवू नयेत. जोडी जमली की उरलेला उपरा ठरतो. दोन वेगवेगळ्या जातींचे क्लाउनफिशही एकत्र नकोत. त्यांना समुद्रफूल लागतेच असे नाही. त्याच्याविना ते टाकीतील एखादा कोपरा घर मानून सुखाने राहतात.

मासे कोणत्या क्रमाने सोडावेत?

भित्रा आधी, तापट शेवटी. गोबी, फायरफिश, कार्डिनल असे मवाळ मासे प्रथम सोडावेत, त्यांना बिळे निवडून स्थिरावू द्यावे. क्लाउनफिशची जोडी त्यानंतर. रॉयल ग्रामा किंवा डॉटीबॅकसारखा कपारीचा हट्टी मासा हवाच असेल तर सर्वांत शेवटी. दोन माशांच्या आगमनांत किमान दोन ते चार आठवड्यांचे अंतर ठेवावे. त्यामुळे जिवाणूंना वाढलेला भार पेलायला वेळ मिळतो आणि नवा मासा वेगळ्या टाकीत निरीक्षणाखाली ठेवता येतो. सारख्या स्वभावाचे दोन हद्दखोर मासे ठेवायचेच असतील, तर पुरेशा मोठ्या टाकीत ते एकाच वेळी सोडावेत, म्हणजे ‘आधी आलो’ हा हक्क कोणाकडेच जात नाही.

खडकांची रचनाही क्रमाइतकीच महत्त्वाची. एकच उंच ढीग रचला तर तो एका माशाची गढी होतो. त्याऐवजी मध्ये मोकळी जागा सोडून दोन-तीन वेगळे ढीग रचावेत. एका ढिगावरून दुसरा पूर्ण दिसू नये. नजरेआड झालेला मासा रागाआडही होतो. जेवढे मासे त्यापेक्षा जास्त बिळे, आणि शक्यतो प्रत्येक बिळाला दोन तोंडे, हा नियम लक्षात ठेवावा. एकाच तोंडाच्या बिळात अडकलेला मासा कोंडीत सापडतो.

नवा मासा सोडण्याच्या दिवशी काय करावे?

जुन्या माशांना आधी पोटभर खाऊ घालावे. मग खडकांची मांडणी थोडी बदलावी. ओळखीच्या खुणा हलल्या की जुना मालकही काही काळ गोंधळतो, त्याला हद्द नव्याने आखावी लागते आणि पाहुण्याला तेवढी सवड मिळते. छिद्रे असलेला पारदर्शक डबा टाकीत लावून त्यात पाहुण्याला तीन-चार दिवस ठेवणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. मालक डब्यावर धडका देतो, काही साधत नाही हे पाहून हळूहळू थंडावतो. अनोळखी शत्रू ओळखीचा होतो. धडका थांबल्या की संध्याकाळी दिवे बंद करून डबा उघडावा आणि रात्रभर अंधार ठेवावा. टाकीच्या एका बाहेरच्या बाजूला छोटा आरसा टेकवून ठेवण्याची युक्तीही अनेक जण करतात. मालक आपल्याच प्रतिबिंबावर राग काढतो. आरसा दिवसातून काही तास पुरे. कायम ठेवला तर त्या माशालाच ताण येतो.

भांडण सुरू झालेच तर कधी थांबावे, कधी हात घालावा?

पहिले दोन-तीन दिवस थोडा पाठलाग, पंख फुलवणे, अंगावर धावून जाणे हे चालणारच. पाहुणा खायला येत असेल, त्याचे पंख शाबूत असतील, तर थांबून पाहावे. मात्र पुढील लक्षणे दिसली तर त्याच दिवशी हात घालावा : पंख फाटणे, खवले उडणे, पाहुण्याने पाण्याच्या पृष्ठभागालगत कोपऱ्यात अडकून राहणे, सलग दोन दिवस न खाणे, धापा टाकणे.

अशा वेळी बहुतेक जण मार खाणाऱ्याला बाहेर काढतात. जखमी असेल तर ते योग्यच. पण भांडण मिटवायचे असेल तर बाहेर काढायचा मासा मारकुटा. त्याला एक-दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे, दरम्यान दुबळ्याला बिळे निवडू द्यावीत, खडक हलवावेत आणि मग मारकुट्याला परत सोडावे. आता तो स्वतः पाहुणा असतो. हा उपाय दर वेळी चालतो असे नाही. दुसऱ्यांदाही तसेच झाले तर तो मासा या टाकीसाठी नाही हे मान्य करून दुकानात परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या जाणकाराकडे सोपवावा.

जखमेपेक्षा ताण अधिक घातक कसा?

सतत पिटाळल्या जाणाऱ्या माशाच्या शरीरात तणावाची संप्रेरके वाढलेली राहतात आणि प्रतिकारशक्ती घटते. मग अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. हा सागरी पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या परजीवीमुळे होणारा. बंदिस्त टाकीत परजीवीची पिल्ले वेगाने वाढतात आणि भांडणाशी संबंध नसलेले मासेही आजारी पडतात, मारकुट्यासह. टँग या रोगाला विशेष लवकर बळी पडतात. त्यामुळे ‘भांडणाने नव्हे, रोगाने मेला’ हे निदान अनेकदा अर्धेच असते. तांब्याचे औषध या रोगावर चालते, पण झिंगे, शंख आणि समुद्रफूल यांना ते मारक असल्याने मुख्य टाकीत कधीच घालू नये. म्हणूनच नव्या माशासाठी वेगळी साधी टाकी आधीपासून तयार असणे ही चैन नाही, गरज आहे. मारकुट्याला बाहेर ठेवायलाही तीच टाकी उपयोगी पडते.

कामोठ्यासारख्या ठिकाणी आणखी कोणत्या अडचणी?

पनवेलची खाडी हाकेच्या अंतरावर असली तरी तिचे पाणी टाकीत वापरता येत नाही. खाडीच्या पाण्याची क्षारता भरती-ओहोटी आणि पावसाबरोबर बदलते, त्यात गाळ आणि सांडपाणीही असते. आरओ यंत्राच्या शुद्ध पाण्यात टाकीसाठीचे खास मीठ मिसळूनच पाणी तयार करावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना व जिवाणूंना घातक. दर लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे १५० लिटरला पाच-साडेपाच किलो मीठ लागते. पाण्याची वाफ होते पण मीठ आतच राहते. म्हणून रोजची घट साध्या आरओ पाण्याने भरावी, खाऱ्या पाण्याने नव्हे.

तापमान २४ ते २७ अंशांदरम्यान असावे. एप्रिल-मेमध्ये बंद सदनिकेत दिवे आणि पंपांच्या उष्णतेमुळे पाणी सहज ३० अंशांवर जाते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी आणि माशांची गरज जास्त. अशा वेळी एकमेव गार, वाहत्या कोपऱ्यासाठीही भांडणे लागतात. पृष्ठभागावर वारा घालणारा पंखा दोन-तीन अंशांचा फरक पाडतो. त्याहून अधिक हवा तर चिलर. वीज गेली की प्रवाह थांबतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात ठेवावा. आणि वजन? पाणी, काच, खडक, वाळू आणि स्टँड मिळून तीन फुटी टाकी अडीचशे किलोंच्या घरात जाते. ती खोलीच्या मधोमध किंवा गॅलरीत न ठेवता भक्कम भिंतीलगत, तुळईजवळ ठेवावी.

तीन फुटी टाकीत मग ठेवायचे तरी काय?

क्लाउनफिशची एक जोडी. तळाशी एक गोबी आणि तिच्यासोबत पिस्तूल झिंगा. ही जोडी पाहण्यासारखी असते. जवळजवळ आंधळा झिंगा बीळ खणतो, गोबी दारात पहारा देते आणि झिंगा आपली मिशी तिच्या अंगाला लावून ठेवतो. गोबीने शेपटी हलवली की दोघेही आत. मधल्या थरात एक फायरफिश. तो घाबरला की उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळी हवीच. आणि हवा असल्यास शेवटी एक रॉयल ग्रामा. एकूण पाच मासे, एक झिंगा. प्रत्येकाचा थर वेगळा, बीळ वेगळे, खाण्याची जागा वेगळी. भांडायला कारणच उरत नाही.

आणि डोरी? निळा टँग ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि दिवसभर लांब पल्ल्यावर पोहतो. तीन फुटांत त्याला चार शेपट्या हलवल्या की काच लागते. तो लहान असताना आणून ‘मोठा झाल्यावर बघू’ म्हणणे म्हणजे एका माशाच्या आयुष्यावर उधारी करणे. त्याला निदान सहा फुटी टाकी हवी.

हे मासे येतात कुठून, कायदा काय सांगतो?

गोड्या पाण्यातील शोभेचे बहुतेक मासे तलावांत पैदास केलेले असतात. समुद्री माशांचे उलट आहे. त्यातील बहुतांश जाती आजही थेट प्रवाळ खडकांवरून पकडल्या जातात आणि आग्नेय आशियात काही ठिकाणी त्यासाठी सायनाइडचाही वापर होत आला आहे. आपल्या टाकीत भांडणात मेलेल्या माशाची जागा भरायला समुद्रातून आणखी एक मासा काढला जातो, हा या छंदाचा खरा हिशेब.

क्लाउनफिश मात्र पैदास केलेला मिळू शकतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिश आणि काही डॅमसेलच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. कामोठ्यापासून जवळच ऐरोलीत, राज्याच्या कांदळवन विभागाच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या साहाय्याने समुद्री शोभिवंत माशांचे बीजोत्पादन केंद्र उभारण्यात आले. क्लाउनफिशची पैदास हा त्याचा मुख्य भाग. पैदास केलेले मासे तयार खाद्य लवकर स्वीकारतात आणि बंदिस्त टाकीला सरावलेले असतात. दुकानात विचारण्याचा पहिला प्रश्न म्हणूनच ‘केवढ्याला?’ हा नसावा. ‘पकडलेला की पैदास केलेला?’ हा असावा.

सजावटीसाठी खरे प्रवाळ, मग ते जिवंत असो वा मेलेले, घेण्याच्या फंदात पडू नये. भारतीय समुद्रातील प्रवाळ आणि समुद्री घोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते बाळगणे आणि विकणे हा गुन्हा असून त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे. सिरॅमिकचे किंवा कृत्रिम सच्छिद्र दगड लपण्यासाठी आणि जिवाणूंसाठी तितकेच चांगले.

नको झालेला मासा खाडीत सोडला तर?

सोडू नये. ‘त्याला त्याच्या घरी पाठवले’ ही समजूत चुकीची आहे. आग्नेय आशियातील किंवा कॅरिबियनमधील मासा खाडीच्या गढूळ, बदलत्या क्षारतेच्या पाण्यात बहुधा तडफडून मरतो. जगला तर आणखी वाईट. अटलांटिक महासागरात १९८० च्या दशकात पाळणाऱ्यांकडून सुटलेल्या लायनफिशनी पुढे कॅरिबियन समुद्रापर्यंत पसरून स्थानिक माशांचा फडशा पाडला. आपल्याकडे उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात सापडणारा सकर मासाही मुळात काचेच्या टाकीतलाच.

क्लाउनफिश टाकीत दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. म्हणजे आज पहिलीतल्या मुलाने हट्ट करून आणलेला निमो त्याच्या दहावीच्या परीक्षेपर्यंत घरात असू शकतो. तो तसा असावा, की आठवड्याअखेर पिशवीत गुंडाळून टाकला जावा, हे बरेचसे दुकानातल्या त्या पहिल्या दहा मिनिटांत ठरते. तिथे स्वस्त काळा मासा नाकारून रिकामी टाकी घेऊन घरी जाण्याची तयारी असेल, तर पुढच्या माशांना नांदायला जागा उरते.